कच्चं वाचन

“बाईंना सांगा, दिवा डाव्या बाजूला घ्या,” फोनवरचा म्हातारा आवाज म्हणाला. “आणि समोर ठेवू नका म्हणावं. खांद्यावरून यायला हवा उजेड. समोरून आला की कागद चकाकतो आणि अक्षरं पळतात.”

नकलमास्तर नुकतेच आत आले होते. जेवणाचा डबा अजून खांद्यावरच्या पिशवीत होता, एका हातात किल्ल्या होत्या. “आजोबा, कोणत्या बाईंबद्दल बोलताय?”

“कोणत्या म्हणजे? आपल्या बाई. कादंबरी वाचताहेत त्या. आज चहा घेताना यंत्र लावलं, तर तो म्हातारा उठतो आणि लाडकी उघडतो. मी म्हटलं, ही लाडकी कोण आली मधेच? मग बाईच एकट्या हसल्या. म्हणाल्या, काय मेलं वाचतेय मी, खिडकी आहे ती.” फोनवरचा आवाजही हसला आणि मग जरा थांबला. “बरेच दिवस झाले असतील ना हो, त्यांना नीट दिसेनासं होऊन?”

नकलमास्तरांनी हातातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. ती लाडकी त्यांनी स्वतःच्या हाताने मुद्रणातून कापली होती. त्यामागचं हसणंही कापलं होतं. ते या आजोबांच्या घरी पोचायचं काहीच कारण नव्हतं.

“मी तुम्हाला थोड्या वेळानं फोन करतो,” एवढंच ते म्हणाले. फोन ठेवला आणि तो लगेच पुन्हा वाजला. आता एक बाई होत्या. गोल भिंगापेक्षा पट्टीसारखं लांब भिंग बरं, ओळ चुकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे एक पडून आहे, आता आपल्याला त्याचाही उपयोग नाही, हवं तर पाठवते म्हणाल्या. त्यानंतरच्या एका गृहस्थांनी काळ्या पुठ्ठ्यात खाच पाडून एकेक ओळ कशी वाचावी ते समजावून सांगितलं. तक्रार कुणाचीच नव्हती. सगळे हलक्या आवाजात बोलत होते, घरात कुणी आजारी असल्यासारखे.

बोलक्या पुस्तकांच्या या ग्रंथालयात नकलमास्तरांचं सगळं आयुष्य नकला करण्यात गेलं होतं. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी इथे माणसं पुस्तकं मोठ्याने वाचत, ते वाचन मुद्रित होई आणि घरोघर जाई. कॅसेटींचा जमाना होता तेव्हा एका कॅसेटवरून अनेक कॅसेटी एकदम उतरवणारं एक धूडासारखं यंत्र इथे होतं. त्याच्यासमोर बसणाऱ्या तरुण कारकुनाला कुणीतरी गमतीने नकलमास्तर म्हणालं आणि ते नाव असं चिकटलं, की खरं नाव पुकारलं तर तेच इकडेतिकडे बघत. यंत्र मोडीत गेलं, कॅसेटी गेल्या, नाव राहिलं.

आता नकला संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक ओळ लिहून होत. या फोल्डरमधलं सगळं त्या फोल्डरशी ताडून बघ, नवं असेल किंवा बदललं असेल तेवढंच उचलून तिकडे ठेव, एवढाच त्या ओळीचा अर्थ. श्रोत्यांच्या घरी मोठ्या बटणांची यंत्रं होती. ग्रंथालयाच्या साठ्यात संध्याकाळी जे ठेवलं जाई ते सकाळपर्यंत त्या यंत्रांत आपोआप उतरे. माउसने फायली ओढणाऱ्यांवर नकलमास्तरांचा विश्वास नव्हता. मधेच बोट सुटलं तर फाइल कुठल्या गावाला जाईल सांगता येत नाही, असं ते म्हणत. लिहिलेल्या ओळीचं तसं नव्हतं. ती सांगितलेलं इमानाने करी, आणि चुकीचं सांगितलं तर तेही तेवढ्याच इमानाने करी.

म्हणून ते आधी तालीम घेत. ओळीत एक ‘एन’ अक्षर जास्तीचं घातलं की संगणक प्रत्यक्षात काहीच हलवत नसे, काय काय हललं असतं त्याची नुसती यादी दाखवी. नकलमास्तर ती यादी डोळ्यांत तेल घालून वाचत, मग ‘एन’ पुसत आणि एंटर दाबत. घरीही त्यांचा हाच खाक्या. कुणाकडे सांत्वनाला जायचं असलं तर काय बोलायचं ते आदल्या दिवशी बायकोला म्हणून दाखवत. “माझ्याशी लग्न केलंत ते तालमीतलं की खरं, ते तेवढं सांगा एकदा,” असं ती म्हणे.

अशा माणसाच्या हातून काल संध्याकाळी तालीम राहिली होती.

त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि काळ्या पडद्यावर कालची ओळ वर आणली. बाईंच्या कादंबरीचे दोन फोल्डर होते, एक ‘कच्चं’ आणि एक ‘पक्कं’. काचेच्या खोलीत बाई जे वाचत ते खोकल्याठसक्यासकट कच्च्यात पडे. नकलमास्तर ते कापूनसवरून पक्क्यात ठेवत. दोन्हीकडे फायलींची नावं तीच, प्रकरण एक, प्रकरण दोन, अशी. रोज संध्याकाळी दोन ओळी लिहायच्या. पहिलीने कच्चं कपाटातल्या जुन्या डिस्कवर जाई, जपून ठेवण्यापुरतं. दुसरीने पक्कं श्रोत्यांच्या साठ्यात जाई. दुसरी ओळ नव्याने न लिहिता, वरच्या बाणाचं बटण दाबून पहिलीच परत आणायची आणि तिच्यात दोन शब्द बदलायचे, ही त्यांची जुनी सवय. काल त्यांनी कुठे ठेवायचं ते बदललं होतं, कुठून उचलायचं ते बदलायचं राहिलं होतं. संगणकाने साठ्यातलं पक्कं आणि फोल्डरमधलं कच्चं ताडून बघितलं, दोन्ही वेगळं दिसलं, आणि अख्ख्या कादंबरीवर कच्चं चढवून ठेवलं.

आणि कच्चं म्हणजे नुसता खोकलाठसका असता तर गोष्ट वेगळी होती.

बाई शाळेत शिकवून निवृत्त झाल्या तेव्हापासून इथे वाचत होत्या. घरी त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. श्रोत्यांना त्यांचं नाव माहीत असण्याची गरज पडत नसे, नुसतं ‘बाई’ म्हटलं की कुणाचा आवाज ते कळे. वाचणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी भेटायचं नाही असा ग्रंथालयाचा शिरस्ता होता, त्यामुळे इतक्या वर्षांत बाईंना त्यांच्यातलं कुणी भेटलं नव्हतं. पण त्यांच्या कानांचा बाईंना मोठा धाक. “वाचनातली चूक म्हणजे घासातला खडा,” त्या म्हणत. “एक लागला की माणूस पुढचा घास भीतभीत खातो.”

गेल्या वर्षी कधीतरी कच्च्यात आधी एखाददुसरा शब्द दोनदा यायला लागला. मग मधेच लांबलचक शांतता, खुर्ची दिव्याकडे सरकवल्याचा आवाज, भिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज. “थांबा हं,” असं बाई पुटपुटत, कुणाला ते त्यांचं त्यांना ठाऊक. ओळीतले शेवटचे शब्द त्या अंदाजाने वाचू लागल्या. अंदाज बहुतेक बरोबर येत, कारण भाषा त्यांच्या हाडीमांसी मुरलेली, पण चुकले की फार चुकत. नकलमास्तरांनी कापायला सुरुवात केली. शब्द वाचताच आला नसेल तिथे तोच शब्द बाईंच्या आवाजात दुसऱ्या प्रकरणातून शोधून आणायचा आणि सांधा दिसणार नाही असा बसवायचा. एका प्रकरणाला आठवडा लागू लागला. बाई विचारत, “कसं झालं हो?” ते म्हणत, “छान झालं.” आणि पक्कं खरोखरच छान होई.

हे जगात फक्त त्यांच्या बायकोला माहीत होतं. ती कपडे धुण्याच्या दुकानात रफूचं काम करी. एकदा हे सगळं ऐकून घेतल्यावर तिने दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, “एक सांगू? रफू बारीक केलं की दुनियेला दिसत नाही, पण ज्याचा सदरा त्याला कळतं. घातला रे घातला की त्याचं बोट बरोबर तिथेच जातं.”

“बाई स्वतःचं वाचन कधी ऐकत नाहीत,” नकलमास्तर म्हणाले होते.

“मग चाललंय तोवर चाललंय,” बायको म्हणाली होती.

काल संध्याकाळी ते नव्या प्रकरणाला असेच सांधे घालत बसले असताना बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “गेलं का हो माझं?” नकलमास्तर दचकले. पडद्यावर त्यांच्या आवाजाचा आलेख उघडा पडला होता, कापून कापून चाळण झालेला. त्यांनी घाईघाईने पडद्यावरची ती खिडकी झाकली. आणि झाकल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बाईंना इतक्या लांबून पडदासुद्धा दिसत नसेल. ते त्यांना इतकं लागलं की काही सुचेना. “आत्ता पाठवतो,” म्हणून त्यांनी वरचा बाण दाबला, एक शब्द बदलला, आणि एंटर मारला. यादी नाही, तालीम नाही, काही नाही.

व्यवस्थापक मॅडम आल्या तेव्हा फोन जरा थंडावला होता. त्या वयाने नकलमास्तरांच्या मुलीएवढ्या, आणि त्यांना काका म्हणत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खुर्चीत बसून थोडा वेळ पेनचं टोपण काढलं, लावलं.

“काका, वर्षभर?”

“हो.”

“कमिटीला कळलं तर बाईंचं वाचन बंद करतील. करावंच लागेल त्यांना. कादंबरीची किती प्रकरणं राहिलीत?”

“थोडीच राहिलीत.”

“मग असं करा, पक्कं परत चढवा. कच्च्याबरोबर ज्या जास्तीच्या अर्धवट फायली गेल्या असतील त्याही पुसा. उद्या सकाळपर्यंत सगळ्यांच्या यंत्रात आधीसारखं होईल. चारदोन जणांनी ऐकलंय त्यांना मी सांगते, यंत्रात बिघाड होता म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईंना कशाला सांगायचं? त्यांचं तेवढंच तर आहे.”

मॅडम वाईट नव्हत्या. इतके दिवस नकलमास्तरांनी स्वतःच्या मनाशी जे म्हटलं होतं तेच त्यांनी आज तोंडाने म्हटलं, एवढंच.

त्यांनी ओळ लिहिली. उचलायचं ‘पक्कं’मधून, ठेवायचं श्रोत्यांच्या साठ्यात, आणि मुळात नसेल ते तिकडून पुसून टाक असा एक शब्द जास्तीचा, जो ते सहसा कधी वापरत नसत. मग ‘एन’. तालमीची यादी पडद्यावर उतरली. वर पुसल्या जाणाऱ्या फायली होत्या, बाईंनी सुरू करून सोडून दिलेली वाचनं. खाली सगळी प्रकरणं एकापाठोपाठ एक. यादी बरोबर होती. आता फक्त ‘एन’ काढायचा आणि एंटर, की बाईंच्या डोळ्यांचं उद्या कुणाला नावही काढता येणार नाही.

नकलमास्तर बसून राहिले. दिव्याचं सांगणाऱ्या आजोबांना कळलं होतं, भिंगवाल्या बाईंना कळलं होतं, त्यांनी एकमेकांना फोन केले असतील तर आणखी दहा जणांना कळलं असेल. बाईंच्या डोळ्यांबद्दल सगळ्या गावाला माहीत, फक्त गावाला ते माहीत आहे हे बाईंना माहीत नाही. आणि या सगळ्याच्या बुडाशी आपलं ‘छान झालं’ आहे. त्यांना स्वतःची लाज वाटली. उद्या हे बाईंच्या कानावर बाहेरून आलं तर त्या पुन्हा या जिन्याची पायरी चढणार नाहीत हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. आणि आज आपण सांगितलं तरी चढतील की नाही, याची खात्री नव्हती.

त्यांनी ओळ तशीच ठेवली आणि बाईंची वाट बघू लागले. काय बोलायचं त्याची मनातल्या मनात दोनतीनदा तालीम केली.

बाई नेहमीच्या वेळी आल्या. कठड्यावरून हात सरकवत, मग भिंतीवरून, मग दाराच्या चौकटीवरून. पर्स खुंटीला लावताना खुंटी पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा सापडली.

“बाई,” नकलमास्तर उभे राहिले, “काल माझ्या हातून चूक झाली.”

“तुमच्या हातून?” बाईंना खरंच नवल वाटलं.

“तुमचं पक्कं वाचन जायच्या ऐवजी कच्चं गेलं. सगळ्यांच्या घरी. पूर्ण कादंबरी.”

“बरं, मग? दोन खोकले आणि चार पानांची फडफड. त्यात एवढं तोंड काय उतरवायचं?”

नकलमास्तरांना तालमीतलं एकही वाक्य आठवेना. त्यांनी नुसती खुर्ची बाईंकडे सरकवली, आणि तेवढ्यावरून बाईंना काहीतरी कळलं असावं. त्या खुर्ची चाचपून बसल्या. “ऐकवा,” म्हणाल्या.

त्यांनी हेडफोन बाईंच्या हातात दिले आणि लाडकीचं प्रकरण लावलं. बाई ऐकत होत्या. आपल्या हसण्याबरोबर त्या थोडं हसल्याही. मग पुढची शांतता आली, खुर्ची सरकल्याचा आवाज, “थांबा हं,” आणि तेच वाक्य पुन्हा, आणि पुन्हा. चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते नकलमास्तरांना कळलं नाही, कारण ते खाली बघत होते.

“आता तुमचं पक्कं लावा.”

त्यांनी लावलं. प्रकरण अर्ध्यावर आलं असेल तेव्हा बाईंनी हात वर केला. “हा ‘उंबरठा’ माझा नाही.”

“तुमचाच आहे, बाई. तुमच्याच आवाजातला—”

“माझा आहे, पण इथला नाही. वाक्याच्या शेवटी मी असा नाही म्हणत. कुठून आणलात?”

“दुसऱ्या प्रकरणातून.”

बाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. “किती दिवस चाललंय हे?”

“वर्ष होत आलं.”

“वर्षभर तुम्ही मला ‘छान झालं’ म्हणत होतात.”

“तुम्हाला थांबवतील अशी भीती वाटली मला.”

“नकलमास्तर, शाळेत मी पोरांना नापास केलं,” बाई आवाज न चढवता म्हणाल्या, “पण कुणाच्या पेपरात माझ्या हातानं उत्तर लिहून त्याला पास केलं नाही. मला माहीत होतं की दिसायला कमी झालंय. वाटायचं, अजून निभतंय. रोज घरी जाताना वाटायचं, आजचाही दिवस निभला. तुम्ही मला तसं वाटू दिलंत.”

“चुकलं माझं,” नकलमास्तर म्हणाले, आणि कालच्या चुकीबद्दल ते बोलत नव्हते हे दोघांनाही ठाऊक होतं.

बाई उठल्या. खुंटीवरच्या पर्सकडे त्यांचा हात गेला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला, आणि तो बाईंच्या कोपराशीच असल्यामुळे त्यांनीच उचलला.

“हॅलो. नाही, ते आहेत इथेच. मी? मी वाचते इथे.”

पलीकडून सकाळचे दिव्यावाले आजोबा इतक्या मोठ्याने बोलू लागले की नकलमास्तरांना उभ्या जागेवरून सगळं ऐकू येत होतं.

“बाई, तुम्ही स्वतः? आता भेटू नये म्हणतात, पण बोलू नये असं काही नाही ना? दिव्याचं सांगितलं का हो त्यांनी तुम्हाला?”

“कसला दिवा?”

“डाव्या बाजूला घ्यायचा. थोडे महिने जास्त निघतात त्यानं, फार नाही. मी टेलिफोनच्या बोर्डावर होतो, बाई. शेकडो भोकं आणि शेकडो वायरी. दिसेनासं झालं तेव्हा मी सगळी भोकं पाठ केली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. काम सोपं होतं, लपवणंच जड जायचं. रोज घरी येऊन नुसता पडून राहायचो. शेवटी साहेबांनीच एक दिवस विचारलं. सांगून टाकलं, तर म्हणाले, मग काय झालं, बस तिथेच. वीस वर्षं बसलो पुढे.” आजोबांनी खाकरून घेतलं. “तुमच्या आवाजात ते कालपर्यंत ऐकू आलं नव्हतं. आज ऐकलं आणि मला माझाच बोर्ड आठवला. म्हणून फोन केला सकाळी. राग मानू नका.”

“नाही मानला,” बाई म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरली होती.

“आणि एक विचारू का? तो म्हातारा शेवटी घर विकतो की नाही?”

बाईंचे डोळे भरले होते, पण ओठ मुडपले ते अगदी शाळेतल्यासारखे. “ते मी सांगणार नाही. ऐकायचं असेल तर पुढे ऐका.”

“म्हणजे वाचताय तर पुढे,” आजोबा म्हणाले. “मग ठेवतो. ते लाडकीचं तेवढं राहू द्या, छान होतं.”

“मुळीच राहणार नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. नीट जागेवर बसेपर्यंत दोनदा चाचपला.

खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर वर ढकललं. बाई आपणहून काचेच्या खोलीत गेल्या, दिवा लावला, पुस्तक उघडलं, भिंग धरलं. मग भिंग खाली ठेवलं. नकलमास्तरांनी हेडफोन कानाला लावले तसा बाईंचा आवाज आला.

“तुम्हाला वाचता येतं ना नीट?”

“येतं. पण माझा आवाज असा घोगरा—”

“तुमचा आवाज कोण मागतंय? आवाज माझा. नाटकात मागून देतात ना, तशी ओळ द्या मला. माझ्या कानात. पुस्तक घेऊन जा हे.”

नकलमास्तर पुस्तक घेऊन आपल्या जागी बसले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माइकमध्ये एक वाक्य वाचलं.

“स्वल्पविराम कुठे गेला?” बाईंनी विचारलं.

“आहे. छोटा आहे.”

“छोटा असला तरी थांबायचं. पुन्हा द्या.”

मॅडमना त्या दिवशीच सांगावं लागलं. बाईंनीच सांगितलं, आणि कमिटीलाही त्याच सांगायला गेल्या. जे काही ठरवायचं ते कादंबरी संपल्यावर ठरवा, अर्ध्यात सोडलेलं पुस्तक मी कुणाच्या घरी ठेवून जाणार नाही, असं म्हणून त्या उत्तराची वाट न बघता परत आल्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा, असं मॅडम नंतर नकलमास्तरांना म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं.

पडद्यावर लिहून ठेवलेली ती ओळ नकलमास्तरांनी तशीच पुसली. पक्कं तसंच परत चढवायला बाईंनी सक्त मनाई केली होती. वर्षभरातला प्रत्येक सांधा शोधायचा, दुसरीकडून आणलेला शब्द काढायचा, आणि तिथे बाईंनी तो नव्याने म्हणायचा, असं त्यांनी फर्मान काढलं. नकलमास्तर एकेक वाक्य कानात देत, बाई ते म्हणत, आणि उंबरठा पुन्हा आपल्या जागचा उंबरठा होई. एकेक प्रकरण असं दुरुस्त झालं की ते साठ्यात जाई आणि तिथलं कच्चं त्याच्याखाली नाहीसं होई. तोवर लोक कच्चंच ऐकत होते. पट्टीचं लांब भिंग पोस्टाने आलं होतं, ते बाईंनी महिनाभर वापरून बघितलं आणि मग खणात ठेवून दिलं. घरी रात्रीच्या जेवणानंतर नकलमास्तर उद्याची पानं मोठ्याने वाचून बघत आणि बायको रफू करता करता त्यांचे स्वल्पविराम मोजी.

शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी बाईंनी काचेच्या खोलीतला दिवा लावू दिला नाही. “उगाच कशाला जळतोय,” म्हणाल्या. बाहेरच्या खोलीतला उजेड काचेतून आत जाई तेवढाच. बाई टेबलावर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या, समोर काही नव्हतं. नकलमास्तर ओळ देत होते, बाई म्हणत होत्या, आणि त्या म्हणत तेव्हा तीच ओळ त्यांनी नुकतीच ऐकली आहे असं मुळीच वाटत नसे. म्हातारा घराच्या दाराला कुलूप लावून पायऱ्या उतरत होता.

पान संपलं. ते उलटताना नकलमास्तरांनी सहज काचेतून आत बघितलं.

बाईंचा उजवा हात मोकळ्या टेबलावरून उचलला गेला. अंगठ्याने आणि बोटाने त्यांनी नसलेल्या पानाचा कोपरा धरला, ते उजवीकडून डावीकडे नेलं, आणि तळव्याने लाकडावर सपाट केलं. मग हात पुन्हा जागेवर ठेवला आणि त्या थांबल्या.

नकलमास्तरांच्या डोळ्यांसमोरची अक्षरं पळाली.

“ओळ?” बाईंनी विचारलं.

“देतो,” ते म्हणाले. बोटाखाली ओळ धरून त्यांनी ती दिली.

संध्याकाळपर्यंत त्यांनी ते प्रकरण पक्कं केलं. कापायचं फारसं काही नव्हतं, आता नसेच. फक्त त्या एका जागी लांब शांतता होती, आणि लांब शांतता कापायची हा त्यांचा कॅसेटींपासूनचा नियम. त्यांनी ती पुन्हा लावून ऐकली. श्वास ऐकू येत होता आणि बाहीचा लाकडावर घासल्याचा अगदी बारीक आवाज. मग बाईंनी “ओळ?” विचारलं तेवढं त्यांनी कापलं आणि शांतता राहू दिली.

ओळ लिहिली. उचलायचं ‘पक्कं’मधून, ठेवायचं श्रोत्यांच्या साठ्यात. ‘एन’ घातला. यादीत एकच नाव आलं, शेवटच्या प्रकरणाचं. ते त्यांनी दोनदा वाचलं.

बाई पर्स खांद्याला लावून दारात आल्या. “गेलं का हो माझं?”

पडद्यावर त्यांच्या आवाजाचा आलेख उघडाच होता, मधली ती सपाट रेघ दिसत होती. नकलमास्तरांनी खिडकी झाकली नाही. “तालीम झालीय,” ते म्हणाले. “बाई, एक जागा मधे रिकामी ठेवलीय. तुम्ही पान उलटलंत, तेव्हाची.”

चौकटीवर ठेवलेल्या हाताकडे बाईंनी मान वळवली, जणू तो हात त्यांना दिसत होता.

“असू दे तेवढं,” त्या म्हणाल्या.

नकलमास्तरांनी ‘एन’ पुसला आणि एंटर दाबला.